फर्माईश आली की आधी मागे बघ

गुणी पोरी,

अनेक आशीर्वाद. रविवारी घाणेकर नाट्यगृहात छान गायलीस. फक्त प्रेक्षकांतून त्या काकांनी ओरडून नाट्यपद मागितलं, तेव्हा घाबरून "हो हो, घेऊया" म्हणालीस आणि अंतऱ्याला शब्द आठवेनात. बाल्कनीत माझाच घसा कोरडा पडला.

फर्माईश येते गाणाऱ्याच्या नावाने, पण निभवावी लागते सगळ्यांना. काळी चार पट्टीत चाललेलं गाणं संपवून तू एकदम पांढरी चार पट्टीला गेलीस. कीबोर्डवाल्याने बटण दाबलं, त्याचं भागलं. तबलजीचं काय? तबला तीन सूर खाली उतरवायचा, तर हातोडी घेऊन गट्टे ठोकत बसायचं, नाहीतर दुसरा तबला पुढे ओढायचा. बासरीवाला पिशवीत हात घालून मापाची बासरी शोधत होता, पाहिलंस का? नसशीलच. तू समोर बघत होतीस.

म्हणून हो म्हणायच्या आधी मागे बघ. तबलजीने मान डोलावली तर गा. त्याने डोळे वटारले तर "तयारीने पुढच्या वेळी नक्की" म्हण आणि लगेच पुढचा ठेका सुरू करायला सांग. मध्ये शांतता ठेवलीस की दुसरी हाक आलीच. अगदीच मन मोडवत नसेल तर नुसत्या पेटीवर, ठेक्याशिवाय, मुखडा गा आणि थांब.

ऐरोलीत एका गणपतीच्या मांडवात आमचा अभंगांचा कार्यक्रम होता. कोणीतरी पाचशेची नोट हलवत लावणी मागितली, आमचा गायक भुलला. ढोलकी नव्हतीच! तबल्यावर लावणी कशीबशी रेटली आणि मी पेटीमागे तोंड लपवलं. त्यानंतर चारी कोपऱ्यांतून आरोळ्या. एकाचं ऐकलं की मांडवाला कळतं, इथे ओरडलं की मिळतं. अभंग राहिले बाजूलाच.

त्यापेक्षा निवेदकाला सुरुवातीलाच चिठ्ठ्या मागवायला सांग. मध्यंतरात चहा पिता पिता सगळ्यांनी मिळून दोन निवडायच्या. वाशीला उघड्यावर गाशील तेव्हा तर हे हवंच. सवलतीचे दिवस सोडले तर रात्री 10 ला स्पीकर बंद, आणि फर्माइशींच्या नादात शेवटची भैरवी राहून जाते.

वन्समोअरची गोष्ट वेगळी. बालगंधर्वांना एकेका पदाला किती वन्समोअर मिळत याच्या कहाण्या आपण ऐकतोच. पण ते नुकतंच गायलेलं पद असतं, सूर लागलेले असतात. वन्समोअर आला तर खुशाल घे.

ते काका नंतर पार्किंगमध्ये भेटले. म्हटलं, एवढ्या हौसेने मागितलंत, गाऊन तरी दाखवा. मुखडा गुणगुणले आणि म्हणाले, "पुढचं मलाही येत नाही हो."

गुरुवारी ये. अंतरा पाठ करून ये.

तुझा,
पेटीवाला काका