वाचकांचे प्रश्न : ओरिएंटेशनला जावे का?

प्रश्न : मला यंदा गोवा विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश मिळाला आहे. वर्ग सुरू होण्यापूर्वी दोन दिवसांचे ओरिएंटेशन आहे. मी वाळपईजवळच्या गावात राहते. ताळगाव पठारावर दोन बस बदलून जायचे म्हणजे अख्खा दिवस मोडतो आणि माझ्या शिकवण्या बुडतात. गेल्या वर्षीच्या मुली सांगतात की तिथे नुसती भाषणे असतात. जावे का?
— एक वाचक, सत्तरी

उत्तर : विभागाची बैठक ज्या दिवशी असेल, तो दिवस मुळीच चुकवू नये. दुसऱ्या दिवशी केवळ सभागृहातील कार्यक्रम असेल आणि शिकवण्यांवर आपला खर्च भागत असेल, तर तो सोडलात तरी फारसे बिघडणार नाही.

मुलींचे म्हणणे खोटे नाही. सभागृहातला पहिला तास स्वागतात आणि संस्थेच्या परिचयात जातो. विद्यापीठ १९८५ साली स्थापन झाले, हे घरबसल्याही कळते. मात्र विभागाच्या खोलीत वीस-पंचवीस जण प्राध्यापकांसमोर बसतात, तेव्हा जे बोलणे होते ते कुठल्याही माहितीपत्रकात मिळत नाही. पत्रकात छापलेला प्रत्येक वैकल्पिक विषय दरवर्षी शिकवला जातोच असे नाही. यंदा कोणता चालणार, तो बदलायची मुदत किती, प्रबंधिकेसाठी मार्गदर्शक कधी ठरवायचा आणि आयएसए, म्हणजे सत्र चालू असतानाचे मूल्यमापन, लेखी चाचणीने होणार की सादरीकरणाने, हे तिथेच समजते. स्वयम् या सरकारी मंचावरील ऑनलाइन अभ्यासक्रमांचे श्रेयांकही (क्रेडिट्स) संस्थेच्या मान्यतेने पदवीत धरता येतात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२१ च्या नियमांनुसार त्याची मर्यादा एका सत्रातील अभ्यासक्रमांच्या ४० टक्क्यांपर्यंत आहे. रोज इतका प्रवास करणाऱ्या विद्यार्थिनीने आपल्या विभागात ही सोय आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. पदव्युत्तर शिक्षण घेताना मी हा दिवस पावसाचे निमित्त करून टाळला होता. वैकल्पिक विषय बदलण्याची मुदत त्या बैठकीत तोंडी सांगितली गेली. नंतर सूचना फलकावर लागलेल्या कागदाची शाई ओलीने इतकी पसरली होती की तारखेचा आकडा १ आहे की ७, तेच कळेना. मी ७ धरून चाललो आणि पूर्ण सत्र नको असलेल्या विषयात काढले. त्या वेळी शेजारी बसलेल्या एकाही मुलाशी ओळख असती, तर हा प्रश्न एका वाक्यात सुटला असता. म्हणूनच मला ओळखींचे मोल भाषणांपेक्षा अधिक वाटते. सत्तरी, डिचोली किंवा फोंड्याहून येणारी एखादी मुलगी त्या दिवशी भेटली, तर बसच्या वेळा, नोट्स आणि एखाद्या दिवशीची गैरहजेरी या तिन्ही गोष्टी दोघींना सोप्या होतात.

जाताना प्रश्न वहीत लिहून न्यावेत. शेवटचे व्याख्यान किती वाजता संपते आणि त्यानंतर पणजीला जायला बस मिळते का, हा प्रश्न विचारायला संकोच बाळगू नये. वेळापत्रक अजून पक्के झालेले नसेल, तर लांबून येणाऱ्यांची अडचण मांडण्याची तीच वेळ असते. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा होतात त्या सरकारी ऑनलाइन खात्याचा, १२ अंकी क्रमांक पदवीच्या वेळी काढलेला असेल तर तोच जवळ ठेवावा. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र आणि अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावे, हे औपचारिक वाटले तरी टिपून घ्यावे. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय मदतवाहिनीचा १८००-१८०-५५२२ हा क्रमांकही वहीत असू द्यावा.

पहिले सत्र पावसाळ्यात सुरू होते आणि मध्येच चवथीची सुट्टी येते. सुरुवातीला राहून गेलेली गोष्ट त्या सुट्टीनंतर निस्तरायची म्हटली, तर हाती फार थोडे आठवडे उरतात.

तेव्हा विभागाच्या कार्यालयात आधीच फोन करून बैठक कोणत्या दिवशी, किती वाजता आहे ते विचारावे, आणि त्या एका दिवसाच्या शिकवण्या रविवारी घेण्याबद्दल मुलांच्या पालकांशी आजच बोलून ठेवावे.