उन्हाळ्याच्या सुरुवातीला घरच्या बागेत काय बघावं आणि त्याचे फोटो कसे काढावेत?

तुम्ही लिहिलंय की गच्चीवर वीसेक कुंड्या आहेत. मोगरा, जास्वंद, मिरची, वांगी, भोपळा, दोडका. होळीनंतर सगळं एकदम बहरायला लागलं तसे तुम्ही मोबाइलवर फोटो काढू लागलात, पण दर रविवारी दहा-साडेदहाला काढलेले ते फोटो फिके येतात, डोळ्यांना दिसतं ते त्यात उतरत नाही. कॅमेरा घ्यावा का, असंही विचारलंय.

कॅमेरा आत्ता घेऊ नका. आधी वेळ बदला. दहा वाजता तुम्ही वर जाता तेव्हा बागेतलं निम्मं काम उरकलेलं असतं. मला हे कळायला एक अख्खा उन्हाळा जावा लागला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमचं घर साताऱ्यात, मागे दीडेक गुंठ्याचं परस. एका वर्षी मांडवावर लाल भोपळ्याचा वेल सोडला होता. वेल असा माजला की मांडव दिसेना, पण फळ काही धरेना. फुलामागे लिंबाएवढा भोपळा दिसायचा, दोन-तीन दिवसांत पिवळा पडायचा आणि गळायचा. मी शेणखत दिलं, राख टाकली, निंबोळी अर्क फवारला, पाणी वाढवलं, मग कमी केलं. रोज घरातली कामं आवरून साडेनऊच्या सुमारास मागे जायचे आणि वेलाचे फोटोही काढायचे. एका रात्री ते सगळे फोटो सलग बघत बसले आणि लक्षात आलं की तिसाहून जास्त फोटोंमध्ये उमललेलं फूल एकही नाही. एक तर कळी, नाही तर मिटून पिळा पडलेलं फूल. महिनाभर मी त्या वेलाची फुलं पाहिलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता गेले. अजून ऊन उतरलं नव्हतं, आणि मांडवावर तळहाताएवढी पिवळीधमक फुलं उघडी होती. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन तापायला लागलं की मिटतं. एप्रिलमध्ये आमच्याकडे नऊपर्यंत खेळ खलास. एका फुलात वाकून पाहिलं तर आत दोन सातेरी मधमाश्या. त्यातली एक बाहेर आली तेव्हा तिच्या पाठीवरची लव हळदीत लोळल्यासारखी पिवळी झाली होती. ती उडाली आणि शेजारच्या फुलात शिरली. तेही नर फूल होतं. मादी फुलं दोनच होती, आणि ती पार आत, भिंतीच्या बाजूला पानांखाली. तिथे तासाभरात एकही माशी फिरकली नाही.

नर-मादी ओळखणं सोपं आहे. मादी फुलाच्या खाली देठाशी इवलासा भोपळा असतो, नर फूल नुसत्या लांब बारीक देठावर असतं. वेलावर आधी नर फुलंच येतात, आणि उन्हाची तलखी वाढली की त्यांचं प्रमाण आणखी वाढतं. त्यामुळे सुरुवातीला फक्त नर फुलं दिसली तर घाबरू नका. त्या दिवसापासून मी सकाळी सात-साडेसातच्या आत नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या सोलून काढायच्या आणि मधला परागाने भरलेला दांडा मादी फुलाच्या मधोमध असलेल्या चिकट भागावर हलक्या हाताने फिरवायचा, असं सुरू केलं. पहिल्या चार फुलांपैकी तीन धरली. खताचा आणि रोगाचा काही संबंध नव्हता.

हे एवढं लांबण लावून सांगण्याचं कारण असं की फोनमधल्या प्रत्येक फोटोबरोबर तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते. फोटो चांगला आलाय की वाईट हे बाजूला ठेवा, ती नोंद तुमच्या बागेची डायरी असते. पंधरा दिवस एकाच झाडाचा, एकाच जागी उभं राहून रोज एक फोटो काढा आणि मग ते सलग पाहा. शेजारी ठेवलेले दोन फोटो जे सांगतात ते रोज तिथून जा-ये करणाऱ्या माणसाच्या ध्यानात येत नाही.

आता तुमच्या कुंड्यांकडे येते. प्रत्येकीची वेळ वेगळी. भोपळा पहाटेचा, हे झालं. दोडक्याचं उलटं: त्याची पिवळी फुलं दुपार कलल्यावर, पाचच्या पुढे उमलतात. त्याचा सख्खा भाऊ घोसाळं मात्र सकाळी उमलतं. पुढे कधी दुधी लावलात तर त्याची पांढरी फुलं तिन्हीसांजेला उघडतात आणि त्यांच्यावर रात्रीचे पतंग येतात. पांढरा रंग अंधारातही उठून दिसतो, त्यामुळे दुधीच्या मांडवाचा दिवेलागणीचा फोटो हा माझ्या फार आवडीचा. मोगऱ्याच्या टपोऱ्या कळ्या दिवसभर मिटून असतात आणि संध्याकाळी फुटतात. सकाळी तोच मोगरा थोडा दमलेला, कडेने किंचित पिवळट दिसतो. मोगऱ्याचा फोटो हवा असेल तर संध्याकाळी सहाला जा, फूल अर्धं उघडलेलं सापडेल.

वांग्याजवळ मात्र सकाळी आठच्या सुमारास थांबा आणि आधी कान द्या. वांग्याच्या जांभळ्या फुलात मधोमध पिवळ्या केसरांचा सुळका असतो. त्यातले परागकण मोकळे पडलेले नसतात, केसरांच्या टोकाला बारीक भोकं असतात आणि पराग आत कोंडलेला असतो. आपल्या मधाच्या माश्यांना तो काढता येत नाही. काळा-निळा मोठा भुंगा येतो, तो सुळका पायांनी घट्ट आवळतो आणि पंख न फडफडवता अंगाचे स्नायू असे थरथरवतो की मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसा पराग बाहेर पडतो. उडतानाचा त्याचा गुंजारव वेगळा आणि फुलावर बसल्यावरचा चिरका ‘झींऽऽ’ वेगळा. एकदा तो फरक कानाला कळला की पाठ फिरवून पाणी घालत असतानाही भुंगा वांग्यावर आलाय हे समजतं. त्याच्या मागे फोन घेऊन धावू नका, हाती काही लागत नाही. एक छान उघडलेलं फूल निवडा, त्यावर फोकस पक्का करून ठेवा आणि थांबा. तो येतो तेव्हा फोनमधली सलग फोटो काढायची सोय वापरा म्हणजे ओळीने पंधरा-वीस फोटो निघतात. त्यात एखादा तरी साधतो.

उजेडाबद्दल. आपल्याकडे मार्चपासूनच सूर्य भराभर डोक्यावर चढतो. सातारा-पुण्याच्या पट्ट्यात मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो भरदुपारी बरोबर माथ्यावर येतो, इतका की उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. अशा उन्हात वरची पानं पांढरी पडतात आणि खालचं सगळं काळं. तुमचे दहा-साडेदहाचे फोटो फिके येतात ते यामुळे, फोनचा त्यात दोष नाही. सकाळी सूर्योदयापासून साधारण आठपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर, हा तुमचा वेळ. सकाळी वाराही पडलेला असतो, म्हणून वेलींचे आणि बारीक देठांच्या फुलांचे फोटो सकाळीच काढावेत. दुपारी काढायचीच वेळ आली तर जुना पांढरा पंचा किंवा मलमलीचं कापड झाडावर आडवं धरायला कुणाला तरी उभं करा. ऊन गाळून येतं आणि फरक तिथल्या तिथे दिसतो.

मोगरा आणि जास्वंद ही दोन्ही फुलं फोनला अवघड जातात. मोगऱ्याच्या पाकळ्या एकमेकींत मिसळून नुसता पांढरा ठिपका उरतो. लाल जास्वंदीच्या पाकळीवरच्या शिरा आणि सुरकुत्या गायब होऊन लाल कागद कापून लावल्यासारखा दिसतो. उपाय एकच: फुलावर बोट टेकवून फोकस करा, मग शेजारी येणारी उजेडाची पट्टी खाली ओढा, फोटो जरा अंधारलेला वाटेपर्यंत. नंतर उजेड वाढवता येतो, पण जळालेली पाकळी परत आणता येत नाही. आणि जास्वंद सावलीतच घ्या.

फार जवळ जायचा मोह आवरा. फोन एका मर्यादेच्या आत नेला की फोकस बसत नाही, आणि तुमचीच सावली फुलावर पडते. एक वीत मागे या, दुप्पट झूम करा. मागे काय आहे ते बघा. गच्चीवर निळी पिंपं, दोरीवरचे कपडे, शेजारच्यांची डिश अँटेना हे सगळं फुलाच्या मागे येतं. खाली बसलात, अगदी मांडी घातलीत, तर बहुतेक वेळा मागे दुसरी झाडं किंवा आकाश येतं. मी जिन्याच्या उघड्या दाराचा अंधार मागे येईल अशी कुंडी सरकवून ठेवते, काळ्या पडद्याची गरज लागत नाही. कुंडी सरकवता येते हे तुमचं भाग्य आहे, मला मांडव सरकवता येत नाही. आणखी एक करून बघा: सूर्य पानाच्या मागे ठेवा. लाल माठाचं पान असं उन्हासमोर धरलं की एकेक शीर वेगळी दिसते. कुंडीत मूठभर माठ पेरा, तीन आठवड्यांत भाजीही होते. फुलांवर पाणी शिंपडून दवासारखे थेंब आणू नका. एप्रिलच्या कोरड्या सकाळी आमच्याकडे दव नसतं, आणि ज्याला बाग माहीत आहे त्याला तो फोटो खोटा वाटतो.

बघण्यासारख्या गोष्टींत पानांची खालची बाजू धरा, ती कुणी बघत नाही. गेल्या वर्षी मिरचीच्या पानाखाली मला केसासारखे पांढरे तंतू दिसले, सात-आठ, ओळीने उभे. बुरशी समजून मी ते बोटाने पुसले. एक फोटो आधी काढला होता, तो रात्री मोठा करून पाहिला. प्रत्येक तंतूच्या टोकाला तांदळाच्या कणीहून लहान, लांबट दाणा होता. ती क्रायसोपा नावाच्या हिरव्या, जाळीदार पंखांच्या किड्याची अंडी होती. अंड्यांपर्यंत मुंग्या पोचू नयेत आणि आधी फुटलेल्या अळीने शेजारची अंडी खाऊ नयेत म्हणून मादी ती अशी देठावर टांगते. त्या अळ्या मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, खातात. माझ्या मिरचीवर मावा होता आणि त्याचा बंदोबस्त करणारी फौज मी स्वतःच्या बोटाने पुसून टाकली, याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून माझा नियम आहे: अनोळखी काही दिसलं की आधी फोटो, वरून एक आणि बाजूने एक, मग चौकशी, आणि हात लावायचा झालाच तर सगळ्यात शेवटी. ओळख पटवायला आयनॅचरलिस्ट हे ॲप चांगलं आहे, तिथे जाणकार लोक फोटो बघून नाव सुचवतात. कुंडीत लिंबू किंवा कढीपत्ता असेल तर पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसेल, तेही पुसू नका. ती लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी असते, पुढे हिरवीगार होते.

एक गोष्ट भोपळ्याबद्दल राहिली. तुमचा वेल कुंडीत आहे, त्यामुळे दुपारी दोनला त्याची मोठी पानं छत्री मिटल्यासारखी खाली लोंबलेली दिसतील. लगेच बादली घेऊन धावू नका. पानांतून पाणी उडून जायचा वेग मुळांना झेपत नाही म्हणून वेल पानं पाडतो, माती ओली असली तरी. सकाळी सात, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा असे एकाच पानाचे तीन फोटो घ्या. सहाला पान पुन्हा ताठ असेल तर वेल ठीक आहे. सकाळी सातलाही पान मलूल असेल तर मात्र मातीत बोट घालून बघा, कोरडी असेल तर पाणी, ओली असूनही मलूल असेल तर मुळाशी काहीतरी बिघडलंय. कुंडीत रोज पाणी ओतून मुळं कुजवल्याची उदाहरणं मी आमच्या गल्लीत दोन पाहिली आहेत.

दोडक्याला कळ्या लागल्यात असं तुम्ही लिहिलंय. मग रविवारची वाट बघू नका, आजच पाचला वर जा आणि टपोरी, टोकाला पिवळी दिसणारी कळी शोधून तिच्यासमोर पाट टाकून बसा. पाकळ्यांची मिठी आधी एका बाजूने सुटते. तेव्हापासून दर दोन मिनिटांनी एक फोटो घ्या, फोन विटेला टेकवून ठेवलात तर हात हलणार नाही. पूर्ण उमललं की वेळ इथे खाली कळवा. आमच्याकडचं काल पावणेसहाला उमललं.