टर्बो पेट्रोल गाडी चढावर पाय दाबला की झटके मारते, एरवी ठीक चालते. स्कॅनरवर पी०३०३ आला. सर्व्हिस सेंटर टर्बो बदला म्हणतंय. खरंच टर्बो गेला असेल का?

नाही. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तरी अजिबात नाही. आयडलिंगला इंजिन शांत, गावात चालवताना तक्रार नाही आणि कोड फक्त तिसऱ्या सिलिंडरचा. एवढं समोर असताना जो टर्बोचं नाव काढतो, त्याने काही तपासलेलं नाही. टर्बो सगळ्या सिलिंडरना एकाच मॅनिफोल्डमधून हवा देतो. दोघांना पोटभर वाढून तिसऱ्याला उपाशी ठेवणं त्याला जमत नाही. टर्बो कमी पडला तर पिकअप जातो, गाडी जड होते, बहुतेक वेळा पी०२९९ येतो, म्हणजे टर्बोचा दाब कमी पडल्याचा कोड. एकाच सिलिंडरचं मिसिंग, म्हणजे त्यातलं पेट्रोल नीट न पेटणं, त्याने होत नाही.

हे ठासून लिहितोय कारण आमच्या घरात यावरून झालेला वाद अजून मिटलेला नाही. आमची गाडी एक लिटरची, तीन सिलिंडरची. पावसाळ्यात पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी चढत होतो. गाडी माणसांनी भरलेली, डिकीत सामान, पुढे सळया भरलेला ट्रेलर. त्याला ओव्हरटेक करायला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि दोन हजार आरपीएम ओलांडताच गाडीने असे झटके द्यायला सुरुवात केली की मागे बसलेल्या आईने पुढची सीट धरली. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत होता. पाय उचलला की सुरळीत, दाबला की पुन्हा तेच.

सर्व्हिस सेंटरने पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरचा कोड वाचला आणि पुसून टाकला. ‘पेट्रोल खराब भरलंय’ म्हणाले, इंजेक्टर क्लीनिंगचं बिल लावलं. पुढच्या चढाला गाडी जशीच्या तशी. मग टर्बोचं एस्टिमेट आलं, लाखाच्या वर. सोबत दाजी होते, थोरल्या बहिणीचे यजमान. ते म्हणाले, “ही ट्रेनिंग घेतलेली माणसं आहेत. कॉम्प्युटर सांगतो ते करायचं. तुझा तो गल्लीतला मिस्त्री यात मध्ये आणू नकोस.” माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. पार्ट बदलायच्या आधी तो खराब आहे हे दाखव, असं ते हाताखालच्या पोरांना बजावायचे. मी गाडी परत आणली.

मिस्त्रींनी एक पैशाचा पार्ट मागवला नाही. दोन नंबरची कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग, काढून एक नंबरवर लावली, एकची दोनवर. प्लग जागचे हलवले नाहीत. कोड पुसला आणि आम्ही यवतेश्वरच्या घाटात गेलो, कारण सपाट रस्त्यावर हा आजार दिसतच नाही. वर पोहोचेपर्यंत पी०३०१ आला. म्हणजे बिघाड कॉइलबरोबर एक नंबरवर आला. पण सोबत पी०३०२ सुद्धा होताच. दाजी म्हणाले, “बघ, हात लावलास आणि आता दोन सिलिंडर गेले.”

मिस्त्रींनी इंजिन गार होऊ दिलं आणि दोन नंबरचा प्लग काढून माझ्या हातावर ठेवला. पांढऱ्या चिनी मातीवर वरपासून खालच्या लोखंडापर्यंत पेन्सिलने ओढावी तशी बारीक काळी रेघ. दोनवरून काढलेल्या कॉइलच्या, प्लगवर बसणाऱ्या रबरी बुटात टॉर्च मारला तर आत त्याच बाजूला तशीच रेघ. ठिणगी प्लगच्या टोकाशी पडायच्या ऐवजी या रेघेवरून बाहेरून हेडच्या धातूत उतरत होती. प्लगच्या खड्ड्याच्या तळाशी गंज होता. तिथे पाणी गेलं होतं, आणि सर्व्हिसिंगच्या वेळी प्रेशर गनने इंजिन धुतात, दुसरं कुठून जाणार! दोनची कॉइल आणि तिन्ही प्लग बदलले. खर्च टर्बोच्या एस्टिमेटपुढे नगण्य. त्यानंतर तीच गाडी तेवढ्याच ओझ्याने खंबाटकी चढून आली. दाजी अजूनही म्हणतात योगायोगाने सुटलं. कोड कॉइलच्या मागोमाग एका सिलिंडरवरून दुसऱ्यावर गेला, तो काय योगायोगाने?

आता हे जोर लावल्यावरच का होतं? टर्बो हवा कोंबतो तेव्हा सिलिंडरमधली हवा दाट होते आणि दाट हवेतून ठिणगी उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. आयडलिंगला दाब कमी असतो, तिथे अर्धमेली कॉइलसुद्धा निभावून नेते. प्लगची गॅप, म्हणजे टोकाची फट, झिजून वाढली असेल तर आणखी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून तुम्ही आधी तीनची कॉइल एकवर लावा आणि चढाला जाऊन या. कोड हलला तर कॉइल. नाही हलला तर प्लगची तशीच अदलाबदल करा आणि काढलेच आहेत तर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप बघा, मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून. बूट फाटलाय का, रेघ आहे का, तेही बघा. रेघ दिसली तर प्लग आणि बूट दोन्ही बदलायचे. एक जुना ठेवलात तर तो नव्याचीही वाट लावतो.

दोन्ही करून कोड तीनवरच बसला तर तिसऱ्याचा इंजेक्टर आणि मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासायचं. पी०३०० असता, म्हणजे सगळीकडे विखुरलेलं मिसिंग, तर मी इंधनाकडे बघा म्हटलं असतं: डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत जोर लावताना रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या पेट्रोलचा दाब, मागितलंय किती आणि मिळतंय किती, हे स्कॅनरच्या लाइव्ह डेटात दिसतं. टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप सटकला असेल तर सूं आवाज येतो, क्लॅम्पपाशी तेलाचा ओशटपणा दिसतो. आणि खराब पेट्रोल, ई२० वगैरे सांगायला लागले तर एवढंच विचारा, ते पेट्रोल फक्त तीन नंबरलाच कसं गेलं?

गाडी वॉरंटीत असेल तर मात्र स्वतः हात लावू नका, हे सगळं त्यांच्याकडूनच करून घ्या. प्लग गरम इंजिनात कधीच काढायचे नाहीत, हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे जातात. बसवताना टॉर्क पाना वापरा. कॉइलच्या कनेक्टरचं प्लॅस्टिक उष्णतेने ठिसूळ होतं, जपून दाबा. चाचणीतसुद्धा दिवा लुकलुकायला लागला की लगेच पाय उचला. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो गेला तर मोठा खर्च. गाडी रिमॅप केलेली (जास्त ताकदीसाठी इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेलं) असेल तर तसं सांगा, तिथे प्लगची गॅप कमी ठेवावी लागते.

आणि जॉबकार्डवर ‘झटके मारते’ एवढंच लिहू देऊ नका. ‘पी०३०३, तीनची कॉइल एकवर लावून लोडवर रोड टेस्ट’ असं लिहून घ्या, कोड पुसायच्या आधी त्याचा फोटो काढा आणि रोड टेस्टला स्वतः शेजारी बसा. काढलेले पार्टही मागून घ्या.