मशेरी म्हणजे तंबाखूच

प्रश्न : आई (वय ५८) तंबाखू खात नाही, पण दोन वेळा मशेरी लावते. ‘दातच घासते ना?’ म्हणते. यानं कॅन्सर होतो का? सोडवायची कशी?

उत्तर : होऊ शकतो. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू. भाजल्यानं निकोटिन जात नाही, कॅन्सरकारक द्रव्यंही उरतात. हिरडीवर धरून ठेवली की तिथूनच अंगात शिरतात. ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ ही त्या निकोटिनचीच करामत. म्हणून सोडल्यावर पहिल्या आठवड्यात बद्धकोष्ठ, चिडचिड, डोकेदुखी होते आणि बहुतेकजणी नेमक्या तेव्हाच पुन्हा डबी उघडतात.

आधी संध्याकाळची बंद करा, सकाळची सुटायला अवघड. उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, मग साधी टूथपेस्ट. तल्लफ पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढ्यापुरती बडीशेप चघळावी. सुपारी मात्र नको, तीही कॅन्सरकारकच. मोफत समुपदेशनासाठी १८००-११-२३५६.

महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरून गाल, जिभेच्या कडा आणि मशेरी जिथे लावतात ती ओठामागची खाच बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा तोंडात तीन बोटं उभी मावेनाशी झाली, तर दुखत नसलं तरी दंतवैद्याकडे न्या. सुरुवातीला दुखतच नाही बहुधा.