धाकटं घरात असेल तर कोणता स्लाइम करावा?

ताई, आठ वर्षांची लेक आणि तीन वर्षांचा धाकटा यांच्यासाठी घरी स्लाइम, म्हणजे ताणून खेळायचा बुळबुळीत गोळा, कसा करावा असं तुम्ही विचारलंत. फेव्हिकॉलमध्ये शाम्पू आणि मीठ घालून तुमच्या हाती चिकट लगदा लागला, त्यात तुमचं काही चुकलं नाही. ती कृतीच कुचकामी आहे. मिठाने शाम्पू घट्ट होतो, एवढंच. फेव्हिकॉलमधल्या पीव्हीए या चिकट पॉलिमरच्या लांब साखळ्या एकमेकींत बांधायला बोरॅक्ससारख्या क्षारातलं बोरेट लागतं, ते या दोन्हींत नसतं.

आठ वर्षांच्या लेकीसाठी टाकणखाराचा, म्हणजे बोरॅक्सचा स्लाइम करा. सोनार डाग देताना, म्हणजे दागिने सांधताना, वापरतात तोच. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. एक कप कोमट पाण्यात चहाचा एक चमचा टाकणखार पूर्ण विरघळवा. दुसऱ्या भांड्यात अर्धा कप पांढरा फेव्हिकॉल, तेवढंच पाणी आणि खायचा रंग. आता ते द्रावण चमचा-चमचा घालत ढवळा. सगळी गोम इथेच आहे. आधी तारा सुटतात, मग गोळा चमच्याभोवती जमतो आणि भांड्याच्या कडा मोकळ्या होतात. तिथेच थांबा, उरलेलं द्रावण ओतून द्या आणि गोळा हाताने मळा. सुरुवातीला चिकटतोच, म्हणून लोक घाईने आणखी द्रावण घालतात आणि मग तो ताणल्यावर तुटतो. तसं झालंच तर थोडं कोमट पाणी आणि हँड लोशन लावून मळा. फुगीर हवा असेल तर द्रावणाआधी शेव्हिंग फोम मिसळा.

तीन वर्षांच्या धाकट्याच्या हाती मात्र हा अजिबात देऊ नका. टाकणखार पोटात जाणं घातक आहे. थोरलीनेही खेळून झाल्यावर हात धुवावेत, आणि हाताला खरचटलं असेल तर त्या दिवशी खेळू नये. कॉन्टॅक्ट लेन्सचं सोल्यूशन आणि खायचा सोडा घालून केलेला स्लाइम ‘बोरॅक्सशिवाय’ म्हणून सांगतात, पण तो जमतो तोच सोल्यूशनमधल्या बोरिक ॲसिडमुळे किंवा बोरेटमुळे.

धाकट्यासाठी इसबगोल घ्या. याच्याकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. एक चमचा भुसी एक कप पाण्यात घालून मंद आचेवर सतत ढवळा. पाणी आटेल तसा छान बुळबुळीत गोळा होतो. जास्त आटवला तर रबरी. पूर्ण गार झाल्यावरच हातात द्या आणि जवळ बसा, कारण यात विषारी काही नसलं तरी तुकडा घशात अडकू शकतो. वनस्पतीच्या डिंकाचा स्लाइम ही काही तडजोड नव्हे: 1976 मध्ये मॅटेल कंपनीने बाजारात आणलेला हिरवा स्लाइमही गवारीच्या बियांपासून काढलेल्या ग्वार गमचाच होता, फक्त त्यात बोरॅक्स होता.

दोघांना एकत्र खेळायचं असेल तर दोन वाट्या कॉर्नफ्लोअर, एक वाटी पाणी. मूठ आवळली की घट्ट, सोडली की बोटांतून ओघळतं. ते बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो; वाळवून कचऱ्यात टाका.

फेव्हिकॉलचा स्लाइम केसांत किंवा कपड्यांत अडकला तर कात्री घेऊ नका. पांढरं व्हिनेगर लावून थोडा वेळ ठेवा, आम्लाने बोरेटचे बंध सुटतात. मग साबण आणि कोमट पाणी. सोफ्यावर लावण्याआधी मागच्या कोपऱ्यात रंग जातोय का ते बघा.