एका सर्व्हरवर दोन पीएचपी, अन् रात्रीच्या पट्ट्या बंद

प्रश्न : ताई नमस्कार. कळमन्यात आमची संत्र्याची अडत आहे. हिशोबाचा जुना प्रोग्राम पीएचपी ७.४ वर चालतो (पीएचपी म्हणजे साइट बनवायची प्रोग्रामिंग भाषा). आता पुतण्यानं बाहेरच्या व्यापाऱ्यांसाठी लाराव्हेल ११ मध्ये (पीएचपीचा तयार साचा) नवीन साइट बनवली, तिला पीएचपी ८.२ लागतं म्हणून त्यानं तेही त्याच सर्व्हरवर टाकलं (उबंटू ही सिस्टीम, एनजिनएक्स हा वेबसर्व्हर, २ जीबी रॅम). ब्राउझरमध्ये दोन्ही साइट मस्त उघडतात, पण रात्री ११ ला शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या) आपोआप बनायच्या त्या चार दिवसांपासून बनूनच नाही राहिल्या, एरर पण कुठं दिसत नाही. काहून होत असेल? ७.४ काढून टाकू का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, ७.४ अजिबात काढू नका, हिशोबच बंद पडेल. त्याचा काही दोष नाही.

तुमच्या सर्व्हरवर पीएचपी दोन वाटांनी चालतं. ब्राउझरमधून आलेलं काम एनजिनएक्स एफपीएमकडे (साइटसाठी पीएचपी चालवणारी सेवा) देतो, आणि प्रत्येक व्हर्जनचं एफपीएम वेगळं, त्याचं सॉकेट, म्हणजे जोडणीचा पत्ता, वेगळं. जुन्या साइटच्या कॉन्फिगमध्ये ७.४ चं सॉकेट लिहिलेलं आहे, नवीनमध्ये ८.२ चं, म्हणून दोघी सुखात आहेत. ठरल्या वेळी पट्ट्यांचं काम चालवणारा क्रॉन मात्र या वाटेनं जातच नाही, तो सरळ कमांड चालवतो, आणि त्या ओळीत बहुतेक नुसतं 'पीएचपी' लिहिलं असेल. ८.२ टाकलं की उबंटू आपणहून त्या नुसत्या नावाला सगळ्यात नवीन व्हर्जन जोडून देतो, कोणाला विचारत नाही. म्हणजे जुनी पट्टीची फाइल चार दिवसांपासून ८.२ वर चालून राहिली आणि पहिल्याच फटक्यात मरून राहिली. जुन्या कोडमध्ये 'ईच' किंवा 'क्रिएट फंक्शन' ही पीएचपीची जुनी फंक्शन असतील तर ती ८.० पासून काढूनच टाकलीत. किंवा ८.२ साठी मायएसक्यूएल या डेटाबेसशी जोडणारं एक्स्टेन्शन (वरून टाकायचा भाग) टाकलंच नसेल, कारण एक्स्टेन्शनही व्हर्जनगणिक वेगळे टाकावे लागतात.

आजच करा : क्रॉनच्या ओळीत यूएसआर-बिनमधल्या पीएचपी७.४ चा पूर्ण पत्ता (/usr/bin/php7.4) लिहा, आणि त्याच ओळीत आउटपुट अन् एरर दोन्ही एका लॉग फाइलमध्ये वळवा. क्रॉन एरर मेलनं पाठवायला बघतो आणि सर्व्हरवर मेलच बसवलेला नसला की ती तिथंच विरते, म्हणून तुम्हाला काही दिसलं नाही. मग हातानं एकदा चालवून राहिलेल्या चार रात्रींच्या पट्ट्या काढून घ्या, शेतकरी थांबले असतील.

पुतण्याला सांगा, जुन्या फोल्डरमध्ये कंपोजर (लागणाऱ्या लायब्ररी आणून देणारं साधन) चालवायचा असेल तर तोही ७.४ चं नाव घेऊनच चालवायचा, नाहीतर तो ८.२ धरतो. आणि मेमरी लिमिट वगैरे बदलताना जपा, पीएचपी डॉट आयएनआय ही सेटिंगची फाइल एफपीएमची वेगळी, कमांडची वेगळी, असं दोन्ही व्हर्जनचं धरून चार फाइली होतात, लोक एक बदलतात आणि दुसरीकडं फरक शोधत बसतात. २ जीबीत दोन एफपीएम बसतात, फक्त दोन्हीकडचे मॅक्स चिल्ड्रन (एकावेळी चालणाऱ्या प्रोसेसची मर्यादा) कमी ठेवा आणि जुन्याला ऑनडिमांडवर टाका, म्हणजे काम आलं तरच प्रोसेस सुरू होते.

डॉकरचं (प्रत्येक प्रोग्राम आपापल्या वेगळ्या डब्यात चालवायचं साधन) कोणी सांगेल. चांगलंच आहे ते, पण सीझनच्या मधात नको.

आता खरी काळजीची गोष्ट. ७.४ ला सिक्युरिटी अपडेट मिळणं २८ नोव्हेंबर २०२२ लाच थांबलंय, तेव्हा हिशोबाची साइट इंटरनेटवर उघडी ठेवू नका, तुमच्या ऑफिसच्या आयपीपुरती (इंटरनेटच्या पत्त्यापुरती) करा. आणि कधीतरी तो प्रोग्राम ८ वर न्यावाच लागेल, तेव्हा एररपेक्षा न दिसणाऱ्या बदलाला भ्या. ७ मध्ये शून्य आकडा आणि रिकामी स्ट्रिंग (रिकामा मजकूर) 'दोन बरोबर'नं (==) तपासली तर सारखी ठरायची, ८ मध्ये नाही ठरत. भाव रिकामा आहे का, तोलाई लावायची का, असं कुठं तपासलं असेल तर एरर न येता पट्टीचा आकडाच बदलेल, आणि तो शेतकऱ्याच्या हातात पडेल. म्हणून आंबिया बहार चालू असताना याला हात नको. मृग बहाराचा माल आटोपला की उन्हाळ्यात एक महिनाभर जुन्या पट्ट्या दोन्ही व्हर्जनवर काढून आकडे एकेक करून जुळवा, आणि जुळेपर्यंत क्रॉनमधलं ते ७.४ तसंच राहू द्या.