शपथ घालण्याआधी विचारा : शेवटची कधी घेतली?

(व्यसनमुक्ती केंद्रातर्फे गावभेटींना जाणाऱ्या स्वयंसेवकांचे प्रश्न)

कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला आम्ही सात जणांना देवीसमोर दारू सोडायची शपथ घातली. दुसऱ्या दिवशी एकाला फिट आली. गाव आता आम्हालाच बोल लावतंय. – विद्यार्थी, शिरपूर

शपथेत खोट नव्हती, घाई होती. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवली की ६ ते २४ तासांत हात कापू लागतात, घाम सुटतो. फिट बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काही जण बरळतात, नसलेले किडे अंगावरून झटकतात. घरचे म्हणतात 'बाहेरचं लागलं' आणि भगत गाठतात. यात जीव जाऊ शकतो. अशा वेळी थेट दवाखाना गाठायचा.

अमळनेरजवळ एका ओट्यावर भाऊंनी चहा बशीत ओतला. बशी दोन्ही हातांत धरूनही निम्मा सदऱ्यावर. बायको घाईने म्हणाली, "त्यासले थंडी वाजी राहिनी." मे महिना होता! अशा माणसाला 'सोडणार का?' नंतर विचारा. आधी : शेवटची कधी घेतली? सकाळी उठल्याबरोबर लागते का? मागे थांबवली तेव्हा काय झालं? उत्तरं ऐकून शंका आली तर शपथ राहू द्या, डॉक्टरांकडे न्या.

एक वहिनी चहात गुपचूप टाकायची गोळी मागतात. देऊ का? – आशाताई, चोपडा

मुळीच नको. ती बहुधा डायसल्फिराम, दारू सोडवण्यासाठी देतात ती गोळी. तिच्यावर दारू गेली की तोंड लालबुंद, उलट्या, धडधड. रक्तदाब कोसळून माणूस दगावूही शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका असतो. ज्याला गोळीचा पत्ताच नाही, तो पिणारच ना? ती रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची. वहिनींना व्यसनमुक्ती मदतीचा १४४४६ हा मोफत क्रमांक द्या. नवरा तयार नसला तरी त्या स्वतः बोलू शकतात.

माझी सुटून आठ महिने झाले. गावभेटीला येऊ? – सावदा

या. तुमचं ऐकतील तेवढं आमचं ऐकत नाहीत. फक्त हातभट्टीच्या वस्तीत एकट्याने नको, आणि जुन्या मित्रांपासून सुरुवात तर नकोच.

सोयरीक जुळवताना लोक विचारतात, 'मुलगा तुमच्या केंद्रात होता का?' काय सांगावं? – धुळे

काहीच नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजारही येतात आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. मानेनेसुद्धा 'हो' म्हणू नका. मी म्हणतो, "मामा, उद्या तुमच्या घरचं कुणी आलं, तर तेही मी कुणाला सांगणार नाही." मामा विषय बदलून कापसाच्या भावावर येतात.